दार उघडं असलं की बॉयलर चालायचा

बाळ अडीच महिन्यांचं होतं आणि आमचा बॉयलर सारखा बंद पडायचा. म्हणजे नळाचं गरम पाणी पण गेलं आणि घर तापवणारे रेडिएटर पण गार, दोन्ही एकदमच. आयर्लंडमधल्या गॉलवेचं ते भाड्याचं घर जुनं, गॅसचा बॉयलर स्वयंपाकघरातच, भिंतीला टांगलेला, खाली लाल बटण. बटण दाबून धरलं की आतून भक्कन पेटायचा. मला त्याची इतकी भीती की बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवूनच मी बटण दाबायचे. थोडा वेळ चालायचा, परत गप्प.

घरमालक म्हणाले माणूस पाठवतो, तो काही येईना. आमचे हे कारखान्यात, तिथे आत फोन न्यायला बंदी, ब्रेकमध्येच बोलणं व्हायचं. ते व्हिडिओ बघून मला सांगायचे, दाबाचा काटा एकच्या वर आहे ना, खालचा नळ जरा फिरव. मी फिरवायचे. मी नववीपर्यंत शिकलेली, मला काय कळतंय, सांगतील ते करायचं.

त्या दिवशी बाळ दूध पिईना. दोन घोट घ्यायचं की डोळे मिटायचं. तळपाय चोळले, गालाला ओला हात लावला, परत डोळे मिटले. माझंही डोकं सकाळपासून ठणकत होतं, पण बाळंतिणीला झोप कुठे असते, तर डोकं दुखणारच. मला वाटलं घर गार पडतंय म्हणून बाळ गारठलंय. म्हणून त्याला घेऊन स्वयंपाकघरातच बसले, दार लावून. दुसऱ्या खोलीत ठेवायचं आता सुचेना. एका हातावर बाळ, बॉयलर बंद पडला की दुसऱ्या हाताने बटण.

ब्रेकमध्ये यांचा फोन आला.

"अहो, हा पीत नाहीये."

"झोप आली असेल गं. बॉयलरचं काय?"

"तसाच. पण एक सांगू? हसायचं नाही. मागचं दार उघडं असलं ना, की हा चालतो. परवा मी कपडे वाळत घालत होते, दार सताड उघडं, तेवढा वेळ एकदाही बंद पडला नाही. दार लावलं की पडतो."

"वा! इंजिनियर बाई. बॉयलरला काय थंडी आवडते होय?" हसले, आणि लगेच म्हणाले, "थांब. वर भिंतीत ती जाळी आहे ना, तिच्यातून वारा येतोय का बघ."

"वारा कसा येईल? ती मी बुजवलीय की."

"कशाने?"

"साडीचे बोळे कोंबले, वरून टेप लावली. आई रोज विचारते, ओली बाळंतीण तू, वारा लागत नाही ना, कानात कापूस आहे ना, फटी बुजवल्यास ना. आणि एवढं मोठं भोक, थेट बाळावर गार वारा..."

"आज बटण किती वेळा दाबलंस?"

"मोजलंय कोणी?"

"दार उघड. आत्ता. त्याला घेऊन बाहेर हो. शाल शोधू नकोस, काही घेऊ नकोस, बाहेर हो!"

हे माझ्यावर कधी ओरडलेले नाहीत.

टोपडं घातल्याशिवाय ज्याला मी जिन्यातसुद्धा नेत नव्हते त्याला घेऊन मी पायमोज्यांवरच मागच्या अंगणात, पावसात उभी. काय झालंय ते मला अजून कळलं नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरून बघितलं. मला म्हणता आलं एवढंच, "गॅस. बेबी. नो मिल्क." त्या माझ्याकडे बघून "यू आर ग्रँड, लव्ह, यू आर ग्रँड", म्हणजे काही झालं नाही तुला, असं म्हणत होत्या आणि त्यांचा हात मात्र फोनवर ॲम्ब्युलन्सचा नंबर लावत होता.

हे कारखान्यातून तसेच हॉस्पिटलात आले. तिथे यांनी सांगितलं तेव्हा कळलं. जळायला हवा लागते, ती त्या जाळीतून यायची. ती मिळाली नाही की धूर बाहेर न जाता घरातच उलटतो, त्यातल्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. आपलं डोकं दुखतं, गुंगी येते. तसं होऊ नये म्हणून तो बॉयलर आपला आपण बंद होत होता. आणि मी त्याला परत पेटवत होते.

बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं तरी ते रडलं नाही. एवढंसं तोंड, त्यावर मास्क. ज्या पोराचं नुसतं दुपटं काढलं तरी ते घर डोक्यावर घ्यायचं, त्याला सुई टोचली आणि ते रडलं नाही. मी नर्सचा हात धरून विचारत होते, क्राय? व्हाय नो क्राय? ती म्हणाली थांबा. थांबलो. हे एकदा खिडकीशी, एकदा पाळण्याशी. आईचा फोन वाजत होता, मी उचलला नाही.

मग कधीतरी त्याने तोंड वेडंवाकडं केलं, मास्क ढकलला आणि जो टाहो फोडला! नर्सने त्याला माझ्याकडे दिलं. त्याने दूध ओढलं, मला दुखेपर्यंत ओढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात, मोठा होईल तसं बघत राहू. बघत राहू म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

आता तो शाळेत जातो, पळतो, बडबडतो, सगळं चांगलं आहे असं सगळे म्हणतात. तरी सुट्टीच्या दिवशी तो जरा जास्त वेळ झोपला की मला राहवत नाही. मी जाऊन हलवते, हाक मारते, काहीतरी बोल म्हणते. तो चिडून इंग्रजीत काहीतरी पुटपुटतो आणि कूस बदलतो.