बल्गासेमच्या बागेचं पाणी

स्फाक्स शहरात कुणाचा पत्ता विचारला तर लोक रस्ता आणि किलोमीटर सांगतात. मोन्जी जल्लूली तेनियूर रस्त्यावर सातव्या किलोमीटरला राहायचा, आणि त्याचा स्वभावही तसाच होता. कुठली वस्तू कुठे आहे ते नेमकं सांगता आलं पाहिजे, नाहीतर ती आहे असं म्हणू नका. ऑलिव्हची बरणी, घराची किल्ली, बायकोचा चष्मा, सगळ्याला जागा ठरलेली. त्याची बायको झोहरा म्हणायची, "या माणसाशी संसार म्हणजे गोदामातली नोकरी. पगार तेवढा नाही."

पोटापाण्यासाठी तो कंपायलर बनवायचा. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या बोलीत उतरवणारा तो दुभाषा. पण हा दुभाषा थेट यंत्राच्या बोलीत जात नाही, आधी एका मधल्या भाषेत सगळं मांडून घेतो. ती भाषा ना माणसं बोलतात ना यंत्रं, आणि मोन्जीचं निम्मं आयुष्य तिच्यात गेलेलं. त्याचा सासरा मरेपर्यंत विचारत राहिला, "जावईबापू, पण तुम्ही नक्की करता काय?"

कचेरीत मोन्जीचा एक नियम सगळ्यांना तोंडपाठ होता: जागा दारातच घ्यायची. प्रोग्राममधलं एखादं काम सुरू झालं की तात्पुरत्या वस्तू ठेवायला त्याला स्टॅकवर, म्हणजे यंत्राच्या स्मृतीतल्या एका ठरावीक कप्प्यात, जागा लागते. ती कामाच्या दारातच, एकदाच मागून घ्यायची. काम संपलं की सगळी आपसूक परत जाते. तेच कामात पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या फेऱ्याच्या आत मागितली, तर प्रत्येक फेऱ्याला नवी जागा खर्ची पडते आणि काम संपेपर्यंत एकही परत मिळत नाही. मोठ्या यंत्राला त्याचं काही वाटत नाही. छोट्याचा जीव जातो. हे त्याने नव्या माणसांना इतकं ऐकवलं होतं, की कुणी दाराशी छत्री ठेवली तरी बाकीचे म्हणत, "वा, आज सी मोन्जी खूश!" 'सी' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'.

आणि हाच नियम त्याने स्वतःच्या हाताने मोडला.

त्या वर्षी कचेरीत पॉइंटरचं काम चाललं होतं. पॉइंटर म्हणजे जागेचा पत्ता. जुन्या रिवाजात प्रत्येक पॉइंटर पत्त्याबरोबर आत काय ठेवलंय तेही सांगायचा, इथे आकडा आहे, इथे तारीख आहे. नव्या रिवाजात तो नुसता पत्ता उरला; आत काय आहे ते जागा घेणाऱ्याने लक्षात ठेवायचं. त्यापायी ढीगभर ओळी नव्याने लिहायच्या होत्या. रमजानची शेवटची दुपार, पोटात अन्न नाही, डोकं जड. एका ठिकाणी घोडं अडलं. मोन्जीने हात होता तिथेच एक नवी जागा घेतली आणि गाडा पुढे ढकलला. हात फेऱ्याच्या आत होता. त्याला ते दिसत होतं, नव्हतं असं नाही. पण झोहराने खारवलेला मासा आणायला बजावलं होतं आणि बाब जिब्लीचा बाजार उठायला आला होता. ईदच्या सकाळी ताटात खारा मासा आणि कांदा-मनुकांची शर्मूला नसेल तर स्फाक्समध्ये ती ईदच नव्हे. "ईदनंतर नीट करू," तो स्वतःशी म्हणाला आणि उठला. ईद झाली, शर्मूलाचं पातेलं घासून झालं, आणि ती ओळ राहिली ती राहिलीच.

उन्हाळ्यात त्याला हयातचा फोन आला. ही मुलगी दक्षिणेतल्या नफझावाची. ज्या कंपनीत ती होती ती पाण्याच्या पंपांची छोटी यंत्रं बनवायची आणि त्यांचे प्रोग्राम मोन्जीच्या कंपायलरमधून जायचे. असं एक यंत्र हयातने हौसेने 'ऐन सल्मा' नावाच्या आपल्याच गावी, खजुराच्या बागांत बसवलं होतं. एकाच विहिरीचं पाणी पाळीपाळीने एकेका बागेला सोडायचं, एवढंच त्याचं काम.

"सी मोन्जी, यंत्र पाळी पुरी करत नाही," हयात म्हणाली. "शेवटच्या बागा यायच्या आधीच बंद पडतं आणि उठलं की परत पहिल्या बागेपासून सुरू. मी माझा प्रोग्राम उलटापालटा करून पाहिला. तुम्हालाही पाठवलाय. मला वाटतं, चूक कंपायलरमध्ये आहे."

आता या धंद्याची एक रीत आहे. कंपायलरवर बोट ठेवणाऱ्याला सगळे हसतात, आणि बहुतेक वेळा हसणारेच बरोबर ठरतात. फोनवर हयातबरोबर तिचे साहेबही होते, मोन्जीच्या टेबलाभोवती चार लोक होते. असा मोका तो कसा सोडेल?

"बेटा," तो म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळे खो खो हसले. तिचे साहेबही हसले. हयात "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिने पाठवलेला प्रोग्राम मोन्जीने उघडूनसुद्धा पाहिला नाही.

पुढचं त्याला शरद ऋतूत, तिच्या साहेबांकडून कॉफी पिता पिता कळलं. भर ऑगस्टात शेवटच्या बागांना पाणी मिळालं नाही आणि तिथले खजूर घडावरच सुकून गेले. पहिल्या बागेला मात्र रोज पाणी, कारण यंत्र पुन्हा पुन्हा तिच्यापासूनच सुरू व्हायचं. आणि पाळीतली पहिली बाग कुणाची? तर बल्गासेमची, म्हणजे हयातच्या बापाची. गावाला आणखी काय पुरावा हवा! पोरीने यंत्राच्या आडून बापासाठी पाणी चोरलं. त्या मुलखात खून झाला तर दोन पिढ्यांत विसरतात. पाणी चोरणाऱ्याचं नाव पणतूपर्यंत जातं. कंपनीने हयातला काढून टाकलं.

"शिकलेल्या मुली!" साहेब म्हणाले.

"काय दिवस आलेत," मोन्जी म्हणाला, आणि त्याने आणखी एक कॉफी मागवली. ती कॉफी पुढे त्याला फार वेळा आठवली.

हिवाळ्यात काहीतरी दुसरंच शोधताना ती ओळ त्याच्या समोर आली. आधी तो चिडला, कुठल्या गाढवाने फेऱ्यात जागा घेतली म्हणून. मग गाढव ओळखू आलं. हयातचा तो जुना प्रोग्राम त्याने शोधून काढला, छोट्या यंत्रावर चढवला आणि बघत बसला. एकेका बागेची पाळी येत होती, एकेका पाळीला स्टॅकवरची नवी जागा जात होती, आणि शेवटच्या बागा उरल्या असताना यंत्राने मान टाकली. उठलं ते थेट पहिल्या बागेपाशी.

ओळ दारात नेऊन ठेवायला कितीसा वेळ लागतो? त्याने ती नेली, नवी आवृत्ती सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवली आणि कुणालाही अवाक्षर सांगितलं नाही. कंपनीचं नाव जाईल, लोकांच्या पोटावर पाय येईल, ही कारणं तो स्वतःला देत राहिला. ती खोटी नव्हती. पण खरं कारण एवढंच होतं, की अंगण वाकडं असं हसत हसत म्हणून बसलेल्या माणसाला आता तेच अंगण दाखवायची लाज वाटत होती. चूक कुणाच्याही हातून होते. गप्प बसणं मात्र त्याचं एकट्याचं होतं, आणि रोज सकाळी ते नव्याने करावं लागत होतं.

पुन्हा रमजान आला. संध्याकाळी अजान झाली की घराघरांत खजुराने रोजा सुटतो. मोन्जी नुसतं पाणी प्यायचा.

"दात दुखतोय का?" झोहराने विचारलं.

"नाही."

"मग खजुराशी काय भांडण आहे? गेल्या वर्षीपर्यंत बिया मोजायची वेळ यायची."

त्याने सांगून टाकलं. खारवलेल्या माशापासून कॉफीपर्यंत सगळं. झोहरा सूप ढवळायची थांबली.

"म्हणजे मी मासा आणायला पाठवलं, आता माझ्याही माथी मारतोस का?"

"तसं नाही गं."

"तसंच कर. मी घेते माझा वाटा. पण तू इथे बसून पाण्याने रोजा सोडतोस, त्याने त्या पोरीला काय मिळालं? एवढ्या लांबून तिला तुझा उपास दिसतो होय? जा तिकडे."

दोन दिवसांनी तो शेअर टॅक्सीने निघाला. ऐन सल्माला पोचला तेव्हा दुपार कलली होती. दुकानदाराला त्याने बल्गासेमचं घर विचारलं. त्याने मोन्जीला खालपासून वर न्याहाळलं आणि नुसती हनुवटी उडवून गल्ली दाखवली.

दार हयातनेच उघडलं. आवाजावरून वाटली होती त्याहून ती लहान होती. त्याने नाव सांगितलं तर तिचा चेहराही बदलला नाही.

"या. फार उशीर केलात."

"बल्गासेमकाका आहेत का? मला त्यांच्यासमोरच बोलायचंय. चूक माझी होती, हयात."

"मला माहीत आहे. कंपनीतल्या मैत्रिणीने तुमची नवी आवृत्ती पाठवली त्याच दिवशी मी माझा जुना प्रोग्राम तिच्यातून काढून घरच्या यंत्रावर चढवला. एक अक्षर बदललं नाही. पाळी पुरी झाली. मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ज्याने दुरुस्त केलं त्याला आता कळलंच असेल. तो माणूस येईल. आपण आपल्या तोंडाने कशाला सांगायचं, तो आला की गावच ऐकेल. रोज अंगणात खुर्ची टाकून बसायचे. रमजान लागायच्या आधी गेले ते."

"तू तरी गावाला सांगायचंस," मोन्जी म्हणाला.

"काय सांगू? अंगण वाकडं आहे म्हणून?"

मोन्जी उंबऱ्यावरून मागे वळला.

"गावाला सांगतो मी," तो म्हणाला. "आत्ताच चल."

ती त्याला पाळीतल्या अगदी शेवटच्या बागेत घेऊन गेली. बाग हाज अम्मारची, हाज म्हणजे हजला जाऊन आलेला. म्हातारा गावातल्या पाणी-मंडळाचा प्रमुख, आणि बल्गासेमचा लहानपणापासूनचा मित्र. रोजा सोडायला तो दोघा मुलांबरोबर झाडाखाली चटईवर बसला होता. हयातला पाहताच त्याने मान फिरवली. मोन्जी उभ्यानेच बोलला. म्हाताऱ्याला कळेल असं सांगायचं होतं, म्हणून म्हणाला, "हाज, असं समजा, प्रत्येक बागेच्या पाळीला यंत्र एक नवं मडकं मागायचं आणि जुनं परत द्यायचंच नाही. मडकी संपली की बेशुद्ध पडायचं. उठलं की काही आठवायचं नाही, परत पहिल्या बागेपासून सुरुवात. मडकी मागायची ती खोड मी लावली होती. हिच्या प्रोग्राममध्ये काही नव्हतं."

हाज अम्मारने फिरवलेली मान परत वळवली. "म्हणजे बल्गासेमने पाणी चोरलं नाही."

"नाही."

"तुला हे कळलं कधी?"

मोन्जीला खोटं बोलता आलं असतं. गेल्या आठवड्यात म्हणाला असता तर कुणी तपासायला जाणार नव्हतं. हयात त्याच्याकडे बघत होती.

"हिवाळ्यात," तो म्हणाला. "ते जिवंत होते तेव्हा."

म्हाताऱ्याचा एक मुलगा ताडकन उठला. हाज अम्मारने त्याला हाताने खाली बसवलं.

"त्याच्या मयतीला निम्मं गाव गेलं नाही," हाज म्हणाला. "मी तर गावातच होतो. दार लावून बसलो होतो. जनाजा माझ्याच दारावरून गेला, मला पावलं ऐकू येत होती." त्याने तोंडावरून पदर फिरवावा तशी डोक्यावरच्या फडक्याची टोकं फिरवली. "तू बाहेरचा माणूस. तुझं काय घेऊन बसायचं."

तेवढ्यात अजान झाली. चटईवर पाण्याचा तांब्या होता, भाकरी होती, खजूर नव्हते. गेल्या हंगामात त्या बागेतले खजूर घडावरच सुकले होते. हयातने शालीखालून एक छोटी टोपली काढून मधोमध ठेवली. बल्गासेमच्या झाडांचे खजूर. सबंध हंगामात गावातल्या कुणी त्यांना हात लावला नव्हता. चोरीच्या पाण्याचे म्हणून बकऱ्यांनाही घातले नव्हते.

हाज अम्मारने एक उचलला. बोटांत धरून ठेवला, मग तोंडात टाकला. चावता चावता तो हुंदके देऊन रडू लागला, आणि त्याने बी थुंकली नाही, मुठीत धरून ठेवली. दोन्ही मुलांनी एकेक घेतला.

मग हयातने टोपली मोन्जीपुढे सरकवली.

"घ्या, सी मोन्जी," ती म्हणाली. "रोजा सोडा. बाबांनी तुमच्यासाठी राखून ठेवले होते."