नऊ नंबरची खिडकी

वकिलातीच्या समोरच्या फुटपाथवर ओळीने सात टेबलं आहेत, आणि तिसऱ्या टेबलावर जी बाई बसते तिच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. व्हिसाचे अर्ज भरून देणं हा तिचा धंदा, तोही गेली बावीस वर्षं. लोक तोंडावर तिला ताई म्हणतात आणि पाठ फिरली की हेडबाई. तिला दोन्ही ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर दुसरं नावच जास्त आवडतं.

नाव उगाच पडलेलं नव्हतं. अर्ज भरून झाला की ती गिऱ्हाइकाला समोरच्या स्टुलावर बसवायची आणि मुलाखतीची तालीम घ्यायची. साहेब ती स्वतः. "कशाला चाललात?" असं अशा आवाजात विचारायची की भलेभले घाम पुसायला लागायचे. उत्तर जरा लांबलं की लाकडी पट्टी टेबलावर आपटायची. "विचारलं तेवढंच सांगा! साहेबाला तुमची कर्मकहाणी ऐकायला वेळ नाही."

तिचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. आजारपणाचा आ सुद्धा काढायचा नाही. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एकाने 'आईचं ऑपरेशन आहे' असं लिहिलं आणि त्याचा अर्ज नामंजूर झाला. आजारी माणसाकडे जाणारा तिकडेच मुक्काम ठोकेल अशी साहेबांना भीती वाटते, असं शेजारच्या टेबलवाल्याने तेव्हा छातीठोकपणे सांगितलं. हेडबाईने ते मनाशी पक्कं केलं, आणि पुढे तिच्याकडून ते बाकीच्या टेबलांनीही उचललं. तेव्हापासून त्या फुटपाथवरून जो जाई तो फिरायलाच जाई. दहा दिवसांचा एकच कार्यक्रम तिने कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवला होता: तळं, संग्रहालय, जुना पूल, घंटाघर. त्यात फक्त नाव आणि तारखा बदलायच्या आणि शेजारी बसणाऱ्या नवऱ्याच्या झेरॉक्स मशिनवर प्रती काढायच्या.

मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीतले घड्याळवाले आजोबा त्या स्टुलावर येऊन बसले. त्यांचा मुलगा तिकडे हॉस्पिटलात होता. हेडबाईने साहेबाचा आवाज काढून विचारलं, "कशाला चाललात?" आणि आजोबांचे ओठ थरथरायला लागले.

पट्टी आपटली. "रडायचं नाही! तिथे रडलात की संपलं. म्हणा, मला जुन्या इमारती बघायची आवड आहे."

आजोबांनी ते सात वेळा म्हणून दाखवलं, आणि सातव्यांदा त्यांना न अडखळता जमलं. नामंजुरीचा कागद घेऊन ते परत आले तेव्हा उलट तिलाच हात जोडून म्हणाले, "ताई, तुम्ही फार मेहनत घेतलीत." मुलगा गेल्याचं तिला नंतर कुणाकडून तरी कळलं. त्या दिवशी ती वकिलातीवर अशी भडकली, अशी भडकली, की एकही अर्ज धड भरला नाही. वरच्या लोकांना काळीजच नसतं, असं बाकीच्या सहाही टेबलांना ऐकवत फिरली.

या वर्षी तिची स्वतःचीच पाळी आली. तिची धाकटी बहीण, जिला घरात सगळे छोटीच म्हणतात, लग्न होऊन याच वकिलातीच्या देशात गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आणि आठवड्यातून तीन दिवस ती यंत्राला जोडलेली. हे सगळं तीन वर्षं लपवून एक दिवस तिने फोन केला.

"ताई, ये ना. डॉक्टर आता महिन्यांत बोलत नाहीत, आठवड्यांत बोलतात."

दुसऱ्या कुणाला रडू फुटलं असतं. हेडबाईला राग आला. "तीन वर्षं? तीन वर्षं तू मला बरी आहे, बरी आहे म्हणून सांगत होतीस? लाज नाही वाटली?" मरणाशी झुंजणाऱ्या बहिणीला तिने फोनवर फाडून खाल्लं.

छोटी पलीकडे दमल्यासारखी हसली. "इथे येऊन ओरड की. फोनवर नीट ऐकू येत नाही."

नवरा शांत माणूस होता. मशिनच्या धडधडीशेजारी आयुष्य काढून त्याचं बोलणं कमी झालं होतं. तो एवढंच म्हणाला, "अगं, खरं तेच लिहून टाक ना. बहीण आजारी आहे म्हणून."

"तुम्ही झेरॉक्स काढा," हेडबाई म्हणाली. "बावीस वर्षं मी इथे माशा मारत बसले नाही."

आणि तिने अर्ज भरला. तिकडे नातेवाईक कोण, या रकान्यात छोटीचं नाव आणि पत्ता खरा लिहिला, कारण तो तपासला जातो. येण्याचं कारण: पर्यटन. सोबत तोच दहा दिवसांचा कार्यक्रम. नाव बदललं, तारखा बदलल्या आणि कागद जोडला. वाचूनसुद्धा बघितला नाही. स्वतःचंच लिहिलेलं कोण वाचत बसतं?

गंमत अशी की बावीस वर्षं समोर बसून या बाईने फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत काय असतं हे ती लोकांना तोंडपाठ सांगायची, पण ते लोकांकडूनच ऐकलेलं. आत गेल्यावर तिला आधी गारठा लागला आणि मग राग आला. दीडशे माणसं टोकन धरून ताटकळलेली, एक ते आठ खिडक्यांसमोर रांगा, आणि कोपऱ्यातल्या नऊ नंबरच्या खिडकीत एक कारकून आरामात पेन्सिलीला टोक करत बसलेला. त्याच्यासमोर चिटपाखरू नाही. खिडकीवर काय लिहिलंय ते खांबाआड गेलं होतं. फुकटचा पगार खातात मेले, असं ती मनात म्हणाली.

तिचा नंबर चार नंबरच्या खिडकीवर लागला. काचेपलीकडे साहेब नव्हताच. लेकीच्या वयाची एक मुलगी होती. आपली भाषा बोलत होती, पण शिकून आलेली, शब्दन् शब्द इस्त्री केलेला.

"आपण कशासाठी जात आहात?"

"फिरायला."

"काय पाहणार?"

"तळं, संग्रहालय, जुना पूल, घंटाघर." एका दमात. पट्टी आपटायची वेळ येऊच दिली नाही.

मुलीने कागद उलटला, पुन्हा सुलटा केला. "आपली बहीण याच शहरात राहते. घंटाघराच्या शहरात."

"हो."

"या शहरात आपण फक्त अर्धा दिवस आहात. त्यात घंटाघर पाहणार, आणि संध्याकाळी पुढच्या गावी जाणार. बहिणीच्या घरी जाणार नाही?"

 बावीस वर्षांच्या सवयीने हेडबाईचं तोंड आपोआप उघडलं. "मला जुन्या इमारती बघायची आवड आहे."

मुलीने पेन खाली ठेवलं. "या आठवड्यात जुन्या इमारतींची आवड असलेल्या आपण नवव्या आहात. कार्यक्रमही हाच होता. घंटाघर दोन वर्षांपासून दुरुस्तीसाठी बंद आहे, बाई."

तेव्हा हेडबाईचा बांध फुटला. "खड्ड्यात गेलं ते घंटाघर!" अख्खा हॉल वळून बघायला लागला. "मला काय करायच्यात इमारती? माझी बहीण मरायला टेकलीय तिथे! मला तिच्याजवळ बसायचंय. तिला चार शिव्या घालायच्यात, तिच्या डोक्याला तेल लावायचंय. पण ते तुम्हाला चालत नाही ना! खरं बोललं की तुम्ही हाकलता. म्हणून आम्ही पोपटासारखं पाठ करून येतो!"

मुलगी रागावली नाही, तेच जास्त झोंबलं. "हे अर्जात का लिहिलं नाही?"

"लिहिलं की नामंजूर होतं."

"असं कोण म्हणतं?"

हेडबाईने वळून दाराकडे, बाहेरच्या आपल्याच टेबलाच्या दिशेने बघितलं.

"आजारी नातेवाइकांसाठी वेगळी खिडकी आहे. नऊ नंबर. डॉक्टरांचं पत्र लागतं. चार दिवसांत व्हिसा देतो. गेली बारा वर्षं आहे ती." मुलीने कोपऱ्याकडे बघितलं. "तिथे कोणी येतच नाही. का ते आम्हाला कळत नाही. आजचा अर्ज मी मंजूर करू शकत नाही. उद्या तिकडे नवा करा."

बाहेर येऊन हेडबाई टेबलाशी बसली. सहाही टेबलं माना लांब करून बघत होती. तिने पट्टी उचलली आणि गुडघ्यावर कडकन मोडली. मग ती नवऱ्यावर उलटली. "अहो, बोला की एकदाचं! सांगितलं होतं म्हणून ऐकवा!"

"त्याने काय होणार?" नवरा म्हणाला, आणि कुणाच्या तरी पासपोर्टची प्रत काढत राहिला.

छोटीच्या डॉक्टरांचं पत्र त्याच संध्याकाळी आलं. दुसऱ्या दिवशी नऊ नंबरच्या कारकुनाने पेन्सिल बाजूला ठेवून अर्ज घेतला. त्यात एक रकाना होता: याआधी नामंजूर झाला असल्यास कारण. हेडबाईने लिहिलं, 'मी खोटं लिहिलं होतं.' बरोबर चार दिवसांनी शिक्का बसलेला पासपोर्ट तिच्या हातात पडला. छोटीला फोनवर सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच चढला होता, पण डोळे पुसायला नवऱ्याचा रुमाल लागला.

विमान परवाचं होतं. बॅग भरायची होती. हेडबाई उठली आणि आधी पलीकडच्या गल्लीत गेली.

दुकान म्हणजे दारातली एक काचेची पेटी. आजोबा डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळावर वाकले होते. तिला बघून त्यांनी भिंग काढलं. "या ताई. ऐकलं मी, तुम्हाला व्हिसा मिळाला. बरं झालं."

तिने बसायला नकार दिला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कुठे काही झाकलं नाही. खिडकी आत होती, तेव्हाही होती. डॉक्टरांच्या पत्रावर चार दिवसांत मिळतं. मी कधी आत जाऊन बघितलं नाही. मीच तुम्हाला रडू दिलं नाही.

 भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ दाखवत चालली होती.

"चार दिवसांत?" आजोबांनी विचारलं.

"हो."

"माझा अर्ज नामंजूर झाला, त्यानंतर मुलगा सतरा दिवस होता."

हेडबाईला वाटलं, आता यांनी ओरडावं. हातातली वस्तू फेकून मारावी. तिला ओरडणं समजत होतं, त्याला उत्तर देता आलं असतं. "आजोबा, काहीतरी बोला हो," ती म्हणाली. "शिव्या घाला मला."

आजोबांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि घड्याळ जवळ ओढलं.

"उजेडातून बाजूला व्हा," ते म्हणाले.