सासरा शोधून देणारे मास्तर

"पुढं काय बे?"

मॅट्रिकचा पोरगा समोर दिसला की आमचे मास्तर आधी त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावत आणि मग हा प्रश्न टाकत. "काई नाई" असं उत्तर देणाऱ्याची धडगत नसे.

मी बुलढाण्याला त्यांच्याच हायस्कुलात भूगोल शिकवायचो. नकाशा मी टांगायचो, पण त्यातल्या कुठल्या गावी कोणी जायचं ते हे ठरवायचे. कोणाला अमरावतीचं कॉलेज, कोणाला नागपूरची शेतकी, कोणाला नुसती पटवाऱ्याची परीक्षा. बहुतेक बापांची ऐपत नसे. पण आमच्याकडे सासऱ्यानं जावयाला शिकवायची चाल होती, आणि मास्तरांनी तीच धरली होती. सुटीत छत्री घेऊन ते हुशार पोरांसाठी सासरे पाहत हिंडत. असे एक मास्तर तुमच्याही पाहण्यात असतील, पण सासरे शोधणारे बहुधा नसतील.

मी चिडवायचो, "मास्तर, नवरीपेक्षा सासराच जास्त निरखता तुम्ही."

"नवरी त्याची माय पाहीन," ते गंभीरपणे म्हणत. "फी सासरा भरते."

अशी त्यांची चार-दोन पोरं खरंच मार्गी लागली. मग देऊळघाटच्या माळ्याचा तुळशीराम आला. पटकीच्या साथीत त्याची बहीण गेली होती आणि तेव्हापासून त्याला डॉक्टर व्हायचं होतं. मास्तरांचा या पोरावर फार जीव. "याले नागपूरले डॉक्टरीलेच घालतो," असं ते मला दर आठवड्याला सांगत.

सासरा त्यांनी धाड गावचा पाहिला. बागायती वावर आणि एकुलती एक पोरगी. "मुलगा नाई त्याले. जावयासाठी हात आखडणार नाई," मास्तर म्हणाले. मलाही ते पटलं. वैशाखात लग्न झालं आणि मास्तर फेटा बांधून वरबापापेक्षा जास्त मिरवले.

कॉलेजं उघडली तरी तुळशीराम नागपूरला निघाला नाही. आम्ही दोघं धाडला गेलो. सासऱ्यानं आदरानं बसवलं, चहा दिला.

"मास्तर, मले पोरगा नाई. जावई नागपूरले गेला त माहं वावर कोन पाहीन?"

"तुमी शब्द देला होता."

"देला होता. पुढच्या साली पाहू."

तुळशीराम दाराशी मान खाली घालून उभा होता. ज्या गोष्टीसाठी मास्तरांनी हा माणूस निवडला, तीच आडवी आली होती. ते सालोसाल धाडला जात राहिले आणि उत्तर तेच मिळत राहिलं.

शेवटचं गेलो ते बाजाराच्या दिवशी. तुळशीराम मिरच्यांच्या ढिगामागे बसला होता, मांडीवर लहानगा. मास्तरांना पाहून तो उठला, पाया पडला.

"मास्तर, याले रोज ताप येऊन राह्यला. कोन्या डॉक्टरले दाखवू?"

मास्तरांनी वाकून त्या लेकराच्या अंगरख्याचं वरचं बटण लावलं. बुलढाण्यापर्यंत मला रडू येत होतं, आणि त्यांच्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

पुढं दोन वर्षं ते शाळेत होते, मग वारले. त्या दोन वर्षांत मॅट्रिकची पोरं सकाळी मुद्दाम वरचं बटण उघडं ठेवून व्हरांड्यात उभी राहत. मास्तर छत्री काखेत धरून त्यांच्यासमोरून वर्गात निघून जात.