हळदकुंकू लावलेल्या चार नळ्या

हेमावती रागीट आहे, असं तिच्या घरचे सांगतात. मी तिला आठवीपासून ओळखते. तिचा राग भलत्या जागी पडलेला मी अजून पाहिला नाही.

कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत ती माझी विद्यार्थिनी. घरचं भांड्यांचं दुकान, मूळचे मिरजेकडचे लोक. बारावीत ती भौतिकशास्त्रात पहिली आली, तेव्हा मी तिच्या वडिलांना भेटून म्हटलं, "हिला बी.एस्सी.ला घाला." त्यांनी मला चहा पाजला, स्टीलचा एक डबा भेट दिला आणि मुलीला दुकानात बसवलं. तो डबा मी आजवर वापरलेला नाही. दोन वर्षांनी घरी भांडून तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. आता पन्नाशीला आली. तारिहाळच्या एका कारखान्यात पंपांचे सर्किट बोर्ड तपासते. लग्न केलं नाही. उणकलच्या घरात खाली धाकटा भाऊ उमेश आणि त्याची बायको योगिता, वर हेमावतीची खोली आणि गच्ची.

त्या गच्चीवर तिने पडद्याच्या अॅल्युमिनियम नळ्यांचा अँटेना उभा केला. माशाच्या काट्यासारखा, खाली लांब नळ्या, वर आखूड होत गेलेल्या. सूर्यावर मोठा स्फोट झाला की त्याच्या रेडिओलहरी आठ मिनिटांत इथे पोचतात. विद्युतभारित कणांचा लोट मागून येतो, एक ते तीन दिवसांनी. तोच उपग्रह आणि विजेच्या तारा बिघडवतो. लोट सूर्यापासून दूर जाताना लहरींची कंपनसंख्या उतरत जाते. खोलीतल्या संगणकाच्या पडद्यावर तिरकी रेघ उमटते आणि रेघेच्या उतारावरून लोटाचा वेग काढता येतो. रेघेचा वरचा भाग आखूड नळ्या ऐकतात, खालचा लांब नळ्या.

बेंगळुरूच्या एका संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिला कळवलं होतं, "तीस दिवसांची सलग नोंद पाठवा, सूर्योदय ते सूर्यास्त. एकही खंड नको. मग तुमचं केंद्र आमच्या यादीत घेऊ." घरात याला 'अक्काचा रेडिओ' म्हणत.

पाडवा आला तो तेविसावा दिवस होता.

भांडीवाल्यांच्या घरात गुढीवर दुकानातला सगळ्यात मोठा नवा तांब्याचा कलश चढतो आणि गल्लीत सगळ्यात उंच गुढी आपली असावी, असा हट्ट असतो. मी जेवायला गेले तेव्हा उमेश फाटकातच उभा होता. "बगा बाई, यंदा कुणाची टाप नाही!" मी वर पाहिलं. गच्चीवर खणात गुंडाळलेली गुढी झळकत होती. "केवढी उंच रे!" असं मीच म्हणाले. ती कशावर उभी आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

हेमावती पहाटेपासून स्वयंपाकघरात पुरणात अडकली होती. अकराच्या सुमाराला हात पुसत ती मला वर खोलीत घेऊन गेली. पडद्यावर तिरकी रेघ उतरत होती, ठळक, जाड. हेमावतीने माझा हात घट्ट धरला. रेघ निम्म्यावर आली आणि कात्रीने कापल्यासारखी संपली.

"लांब नळ्या," ती म्हणाली आणि जिना चढत धावली.

मी पोचले तेव्हा ती अँटेनासमोर उभी होती. त्याच्याच काठीवर वर कलश, खाली खण, साखरेची माळ, कडुलिंब. आणि पायाशी पाटावर चार लांब नळ्या नीट ओळीने ठेवलेल्या. चौघींना हळदकुंकू लावलेलं.

"उमेश!"

उमेश धापा टाकत वर आला. "खण नीट पडंना अक्का, त्या काड्या मधी येत होत्या. फेकल्या नाहीत की. पूजा करून ठेवल्या."

"मला विचारलंस?"

"वर्षाचा सण आहे गं. तुझा रेडिओ उद्या बी लागंल."

"उद्या हाच स्फोट परत होणार? तू सांगून येतोस सूर्याला?"

तिने कलशाला हात घातला. योगिता किंचाळली, "वन्सं, भर दुपारी गुढी उतरवतात का? अपशकुन!"

"तुमची गुढी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. माझी पण तेवढीच. एका काठीवर दोन राहत नाहीत."

शेजारच्या गच्चीवरून कुणी "एनायतु, अक्का?" म्हणत कानडीत काय झालं ते विचारलं. तिने कलश उमेशच्या हातात दिला, खण योगिताच्या. मग पदराने एकेका नळीचं टोक पुसू लागली. कुंकू खाचांत बसलं होतं. "बाई, पाना द्या." मी दिला. नळ्या परत बसवून ती खोलीत आली तेव्हा पडदा शांत होता. रेघेचा खालचा भाग येऊन गेला होता.

त्या दिवशी तिने पुरणपोळीला हात लावला नाही. माझ्यासमोरच तिने संस्थेला लिहिलं, सकाळी साडेसहा ते अकरा पंचवीस, खालच्या लहरींची नोंद नाही. उमेश दारात घुटमळत होता.

"कारण काय घातलीस? यंत्र बिघडलं म्हण की."

"यंत्र बिघडलं नाही. घरातल्या माणसाने न विचारता नळ्या काढल्या, असं घातलं."

"लोक काय म्हणतील?"

"नाव घातलं नाही तुझं. तेवढं बास समज."

बेंगळुरूहून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेव्हाही मी तिच्या घरीच होते. खरं कारण लिहिल्याबद्दल आभार, दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील. तिने ते उमेशला वाचून दाखवलं आणि हात पुढे केला.

"गच्चीची किल्ली."

"अगं, योगिताला पापड वाळवायला..."

"अंगणात वाळव म्हणावं. किल्ली."

वडील गेल्यापासून घरातल्या सगळ्या किल्ल्या उमेशच्या करगोट्याला असत. त्याने ती सोडवायला बराच वेळ लावला. तिने घेतली, वर गेली, आतून कडी घातल्याचा आवाज खालपर्यंत आला.

उमेश माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही तरी सांगा तिला."

"एकदा तुझ्या वडिलांना सांगून पाहिलं होतं," मी म्हटलं. "आता तिला काही सांगणार नाही."