अठरा नंबरची काच

सौंसरमध्ये ही गोष्ट पहिल्यांदा कुजबुजली गेली तेव्हा एवढीच होती: मोहगावच्या शाळेतले प्रभाकर मास्तर जाऊन तीन वर्षं झाली, पण पांढुर्ण्यात एका काळ्या खोलीत ते अजून हिरवे दिसतात, आणि त्यांची बायको वत्सला नखपॉलिश घेऊन त्यांना भेटायला जाते. रामाकोन्यात पोहोचेस्तोवर मास्तर बोलायला लागले होते. लोधीखेड्यात तर वत्सलाबाई त्यांच्यासाठी डबाही नेऊ लागल्या. सावजी रस्सा होता म्हणे. मेलेल्या माणसाला एवढं तिखट सोसतं का, हे कोणी विचारलं नाही.

आता वत्सलाबाई कोण, तर पांढुर्ण्यात वीरेंद्र डॉक्टरांच्या लॅबमध्ये बावीस वर्षं तपासणीच्या काचा रंगवणारी बाई. रक्त, थुंकी, गाठीचे तुकडे. अर्ध्या गावाचं आतलं बाईंनी पाहिलेलं. पण कोणाच्या पोटात काय निघालं हे कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही. म्हणून गावाला त्या फारशा आवडत नसत. एवढं ठाऊक असून काहीच सांगत नाही, ती बाई काय कामाची!

त्यातून मास्तर गेले तेव्हा त्या रडल्या नाहीत. लिव्हरनं गेले, आणि तेही दारूचा थेंब न घेता. तेराव्याला नणंद अंबाबाईंनी साऱ्या बायकांसमोर विचारलंच, "वयनी, डोये कोरडेच हायेत वो तुमचे? भाऊ होता माहा, भाडेकरू नोता."

वत्सलाबाईंनी डोळ्यांना बोट लावून पाहिलं. खरंच कोरडे होते. चौदाव्या दिवशी त्या कामावर गेल्या. मग तीन वर्षं तसंच. जेवण जात होतं, झोप लागत होती. दुखत काहीच नव्हतं, आणि याचीच त्यांना धास्ती होती.

अशात डॉक्टरांची पुतणी अमृता पीएचडीच्या कामाला आली. तिच्यासाठी बर्फाच्या खोक्यातून एक इवलीशी बाटली आली, चमकीच्या कागदात गुंडाळलेली. बाटलीत अँटिबॉडी होती. चिरलेलं वांगं हवेनं काळं पडतं ना, तसा ऑक्सिजनचा मार शरीराच्या पेशींनाही बसतो. मार वाढला की पेशी स्वतःला वाचवायला एक प्रोटीन बनवतात. ही अँटिबॉडी नेमकी त्या प्रोटीनला जाऊन चिकटते. तिला रंग जोडलेला. निळा उजेड टाकला की तो हिरवा चमकतो. जिथं हिरवं, तिथं पेशी झगडलेल्या.

टीबीच्या तपासणीचा, निळा उजेड टाकणारा मायक्रोस्कोप लॅबमध्ये होताच. रंग उजेडानं उडतो म्हणून खिडकीला काळा कागद लागला. तुकड्यावरची पातळ काच कडेनं चिकटवायला बिनरंगी नखपॉलिश लागतं. ते वत्सलाबाईंनी बाजारातून आणलं. दुकानदारानं बाटली पिशवीत घालायच्या आत बातमी सोडली. संध्याकाळी सौंसरहून अंबाबाईंचा फोन.

"नखं कोणाले दाखवून राहिल्या वो, वयनी?"

"काचेले," वत्सलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अमृताला लिव्हरचे अठरा नमुने हवे होते, भरले सतराच. दुसऱ्या दिवशी वत्सलाबाईंनी घरून मेणाचा एक ठोकळा आणून टेबलावर ठेवला. नागपूरच्या दवाखान्यानं मास्तरांच्या फायलीसोबत परत दिलेला. आत सुईनं काढलेला त्यांच्या लिव्हरचा तुकडा. तपासण्यांत बराच संपलेला, तिळाएवढा उरलेला.

डॉक्टर ठोकळ्याकडे पाहतच राहिले. "वत्सलाबाई, नक्की?"

"कपाटात पडून हाये जी. पण काचेचा फोटो काढाच्या आधी मले एकटीले पाहू द्या."

"मावशी, यातून एकच काप निघेल," अमृता म्हणाली. "आणि जितकं पाहाल तितका रंग उडेल. अर्धं मिनिट, बस्."

"मले शिकवून राहिली का, पोरी?"

काच रंगवली त्यांनीच. नंबर घातला अठरा. दुपारी दोन वाजता त्या काळ्या खोलीत जाऊन बसल्या आणि मायक्रोस्कोपला डोळे लावले. आधी नुसतं काळं. मग चित्र जुळलं आणि सगळीकडे हिरवं दिसलं. बाकीच्या सतरांपेक्षा जास्त हिरवं. म्हणजे हा माणूस आतून एवढा झगडत होता, आणि बाहेर चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरत होता.

वत्सलाबाई वाट पाहत बसल्या. आता काहीतरी येईल. घशात, डोळ्यांत, कुठंतरी. अर्धं मिनिट गेलं. हिरवं जरा फिकं झालं. अजून थोडं पाहू, असं त्यांनी ठरवलं. उजेड बंद करायचं बटण अंगठ्याखालीच होतं. रस्त्यावर संत्र्याचा ट्रक मागे घेत होता, कोणी तरी "येऊ दे, येऊ दे" ओरडत होतं. अजून थोडं.

दार वाजलं. "मावशी, झालं?"

"झालं."

अमृतानं आत येऊन डोळे लावले. काच सरकवून पाहिली, पुन्हा सरकवली. मग वही उघडून अठरासमोर 'बाद' लिहिलं.

"किती वेळ पाहिलं, मावशी?"

"तूच सांग. घड्याळ तुह्या हाती होतं."

अमृतानं वही मिटली. वत्सलाबाईंनी मायक्रोस्कोपवर कव्हर घातलं आणि थुंकीच्या काचा रंगवायला घेतल्या. सात होत्या.

त्या संध्याकाळी अंबाबाईंचा पुन्हा फोन आला, तेव्हा वत्सलाबाईंनी बावीस वर्षांत पहिल्यांदा लॅबमधलं बाहेर सांगितलं. "आज तुमच्या भावाले पाहिलं. हिरवे दिसले."

"रडल्या का?"

"नाई."

"कोणाले सांगत नाई," म्हणून अंबाबाईंनी फोन ठेवला म्हणतात. पण एवढी गोष्ट पोटात ठेवून झोपणं काही त्यांच्याच्यानं झालं नसावं.

खरं एवढंच होतं. त्या खोलीत मास्तर नव्हते. एका प्रोटीनला चिकटलेला हिरवा रंग होता, तो अकरा मिनिटांत उडाला. मास्तरांसाठी वत्सलाबाई तिथं एकदाच बसल्या, आणि त्यांना रडू आलं नाही.