चुलीजवळची फुली

नामपूरला आईला मोबाईल मीच घेऊन दिला. पण नाशिकहून फोन लावला की तिचा आवाज तुटायचा. एकदा मी घरी असताना तिने सिमकार्डवाल्याला बोलावलं. पडद्यावरच्या काड्यांवर त्याचा विश्वास नाही. फोन कानाला लावून, डोळे मिटून तो घरभर फिरला आणि चुलीजवळ खडूने जमिनीवर फुली मारली. "माय, आठेच उभी ऱ्हाय. रेंज शे." माझ्या आईला माय म्हणायची त्याला काय गरज होती?

सारवताना ती फुली पुसली जाते. दर आठवड्याला तो न बोलावता येतो आणि पुन्हा काढून जातो. मी दिवाळीलाच जातो.

आता आईचा आवाज अगदी स्वच्छ येतो. "ठेव रे भाऊ फोन, तो दारमा येल शे."