न मारलेली हाक

रंभाबाई आमच्या गावातली प्रार्थनेची बाई. भामरागडच्या वाटेवर आमचं गाव, ख्रिस्ती घरं सात, फादर महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस सगळी मंडळी रंभाबाईच्या हवाली. मी तिथल्या शाळेत मास्तरीण होते आणि खरं सांगते, मला ती कधीकधी नकोशी व्हायची. प्रार्थनेत कुणी जांभई दिली तरी डोळे वटारायची.

१९८३च्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात तिचा धाकटा दीर वारलू तिच्याकडे आला. नुकतीच दारू सोडलेली, मन खात होतं. तिनं त्याला प्रायश्चित्त सांगितलं: चाळीस दिवस उठल्यापासून सूर्य उगवेपर्यंत तोंड उघडायचं नाही, मनातल्या मनात प्रार्थना करायची. वर बजावलं, हे कुणाला सांगायचं नाही, सांगितलेला उपास देवाला पोचत नाही. वारलू वहिनीच्या शब्दाबाहेर नव्हता.

ते दिवस मोहफुलांचे. पहाटे सारं गाव जंगलात. फुलं वेचायला जमीन मोकळी हवी म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, पण काडी ओढण्याआधी मोठ्यानं हाक द्यायची, "आग लावून राह्यलो होऽ!" म्हणजे आसपासच्या बाया आपली लेकरं उचलतात. त्या उपासातल्या एका पहाटे वारलूनं हाक न देताच काडी ओढली. झुडपाआड रंभाबाईची चार वर्षांची लेक रूथ गोधडीवर झोपली होती.

यापुढचं मला लिहवत नाही.

"हाक काऊन नाई मारली?" गावानं विचारलं. वारलू म्हणाला, "भुललो." तेवढंच. मग तो प्यालेलाच असणार, असं ठरलं. त्याची बायको मनकर्णा लेकरं घेऊन ब्रह्मपुरीला माहेरी गेली ती गेलीच. आणि रंभाबाईनं भर प्रार्थनेत उभं राहून सांगितलं, "मी त्याले माफ केलं." बायका रडल्या. फादरांनी तिचं मोठं मन वाखाणलं. मीसुद्धा तिच्या पाया पडले, आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

तीन वर्षांनी, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, कपाळावर राख घेऊन ती माझ्या घरी आली आणि मौनाची ती गोष्ट तिनं मला सांगितली. मी ताडकन म्हणाले, "मला काय सांगता? त्याला सांगा." तिचे पाय उचलेनात, म्हणून मीच दंडाला धरून नेलं.

वारलू दारात सुंभ वळत बसला होता. रंभाबाई खाली मातीत बसली. "बापू, चूक माही होती. सगळ्यायले सांगतो मी आता. मले माफ कर."

वारलूनं सुंभ बाजूला ठेवला. मग म्हणाला, "वैनी, तवाच चार लोकांत बोलल्या असत्या तं मनकर्णा गेली नसती. माहे लेकरं मले ओळखत नाई आता."

"माफ कर."

"तोंडानं म्हणतो, केलं. आतून नाई होत. लई करून पाह्यलं. प्रार्थना तुमीच शिकवली न मले? मंग हे बी शिकवा. कसं करतेत?"

गावाला तीन वर्षं माफीचा धडा देणारी ती रंभाबाई. ती त्याचे पाय धरून ओक्साबोक्शी रडू लागली, आणि त्यानं पाय मागे घेतले.